पाहुणे, पेटीचा भाव आणि माझं मॉडेल

हसणार नाही अशी शपथ घेत असाल तर सांगतो. जाऊ दे, हसाच! मी रत्नागिरीत कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, वर पीएचडी करतोय, आणि सख्ख्या काकाचा अख्ख्या वर्षाचा आंबा मी लॅपटॉपवर बसून संपवलाय.

बाळकाकाची बाग मिरजोळ्याच्या पुढे. काकाला एक खोड. दर वर्षी वहीत दोन गोष्टी लिहायच्या: हापूसच्या पेटीला काय भाव मिळाला, आणि मे महिन्यात मुंबईहून किती पाहुणे आंबे खायला आले. दुसरा आकडा अर्थात दात-ओठ खाऊन लिहिलेला.

तीस वर्षांची वही! मला घबाडच मिळालं. आकडे चढवले, मॉडेल चालवलं आणि खुर्चीत उडालो. पाहुणे आणि भाव जवळजवळ शंभर टक्के जुळत होते!

"काका, तुझा भाव पाहुण्यांमुळे वाढतो!"

"काहीतरीच काय बोलतोस रे!"

"मी नाही, कॉम्प्युटर सांगतोय."

काका वहीकडे बघत राहिला. यंदाच्या आंब्यावर त्याचा नवा पंप ठरला होता. जुना कधीच गचकला होता आणि नव्या कलमांना काकू कळशीने पाणी घालत होती.

"मग पंप आलाच म्हण की," काका म्हणाला.

मला वाटलं, विषय संपला. कुठला संपतोय!

मे महिन्यात बागेत गेलो आणि फाटकातच थबकलो. खळ्यात माणसंच माणसं! डोंबिवलीचे, विरारचे, चुलत, मावस, काकूच्या माहेरचे, एक तर शेजाऱ्याचा साडू. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत रसाने माखलेले. पडवीत आंबे पिकवायच्या आढीच्या जागी नुसता पेंढा, आणि बाजूला बाठ्यांचा ढीग.

"काका! हे काय?"

"तूच सांगितलंस ना? फोन करकरून बोलावलंय. आणखी अकरा जण उद्याच्या गाडीने येतायत."

"आणि पेट्या?"

"पेट्या कसल्या भरतोयस? आंबा राहिलाय कुठे!"

काकू पातेलं आपटत आली. "ह्याच्या शिक्षणाला आग लागो! मेल्याने घर खाल्लंन!"

तसाच बाहेर येऊन गाइड मॅडमना फोन लावला.

"दोन्ही आकडे वर्षागणिक चढतच गेलेत ना?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"मग जुळणारच! माझं वय आणि नारळाचा भावसुद्धा जुळेल. दर वर्षी आधीच्या वर्षापेक्षा किती बदलले, तो फरक घेऊन मॉडेल चालवलंत का?"

अहो, हेच मी दर वर्षी मुलांना फळ्यावर शिकवतो!

तिथेच पायरीवर लॅपटॉप उघडला. फरक घेतले. नातं साफ गायब! पाहुणे आपले वाढत होते, भाव आपला वाढत होता, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकासमोर जाऊन सगळं कबूल केलं. फरक घ्यायचा राहिला, म्हटलं, चूक माझी.

काकाने शांतपणे ऐकून घेतलं. मग वही उघडली, पट्टीने तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'पुतण्याचा सल्ला'.

"गेल्या वर्षी सल्ला शून्य, पेट्या टेम्पोभर. यंदा सल्ला एक, पेट्या शून्य." काकाने पेनचं टोपण लावलं. "फरक घेऊनच बघितलं हो. पक्कं जुळतंय!"