सतराव्या प्रकरणातला रेडा

मी एक रेडा मारला म्हणून माझ्या पुतणीचं लग्न मोडायला आलं होतं.

रेडा कागदावरचा होता. पण हे सांगून उपयोग होईल अशी वेळ तोवर निघून गेली होती.

मी रसायनीला एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर निळा रंग पुरेसा निळा झालाय की नाही ते बघायचं आणि संध्याकाळी कर्जतला घरी यायचं. अशा माणसाने लहान मुलांसाठी अद्भुत साहसाची कादंबरी लिहू नये असा कुठे नियम नाही, म्हणून मी लिहिली. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यांमागे एक भुयार असतं. त्यातून दोन भावंडं जमिनीखालच्या राज्यात जातात आणि त्यांच्याबरोबर असतो भीमा नावाचा बोलणारा रेडा. सतराव्या, म्हणजे शेवटच्या प्रकरणात भुयाराचं तोंड मिटायला लागतं. भीमा वरचा दगड शिंगांवर तोलून धरतो, मुलं बाहेर पळतात आणि दगड भीमावर कोसळतो. ते प्रकरण लिहिताना मी स्वतः रडलो होतो. (बायकोचं म्हणणं, ती तेव्हा शेजारी कांदा चिरत होती.)

पुस्तक छापून आलं आणि मी वाचकांच्या प्रतिक्रियांची वाट बघत बसलो. आई म्हणाली, अक्षर बारीक आहे. शेजारच्या काकांनी कागद चांगला असल्याचं सांगितलं. दादाने नऊ पानं वाचली आणि गोष्टीतला मोठा भाऊ एवढा बावळट का दाखवलाय असं विचारलं. बायकोने मात्र सगळं वाचलं आणि बहिणीचं नाव तीन ठिकाणी बदललेलं शोधून काढलं. ज्याच्याशी माझं काही नातं नाही असा वाचक काही भेटला नाही. उरलेले गठ्ठे माळ्यावर गेले.

त्यानंतर मनालीचं ठरायला लागलं. मनाली म्हणजे दादाची मुलगी. खोपोलीला एका दवाखान्यात ती लोकांचे आखडलेले खांदे सोडवते. तिथेच निखिल एक्स-रे काढतो. त्यामुळे दोघांनी एकमेकांना आरपार बघून घेतलं होतं. राहिला होता तो निखिलच्या वडिलांचा, म्हणजे दत्तारामभाऊंचा होकार. खालापूरजवळ पाताळगंगेच्या काठाला त्यांची भातशेती. शेती सांभाळून त्यांनी कारखान्यात पाळ्या केल्या आणि आता घरी असतात. ते फार कमी बोलतात आणि हसतात तर त्याहून कमी, एवढी माहिती मनालीने आधीच पुरवली होती.

आम्ही चौघं मुलाचं घर बघायला निघालो. दादा, वहिनी, मी आणि बायको. गाडी पळसदरीला पोचायच्या आत वहिनींनी मला सूचना दिली, की काहीही झालं तरी तुमच्या पुस्तकाचा विषय तिथे काढायचा नाही. मी लगेच कबूल झालो. खोपोलीच्या शिळफाट्याला पेढे घ्यायला थांबलो तेव्हा बायकोला माझ्या पिशवीत दोन प्रती सापडल्या. तिने त्या मुकाट्याने डिकीत टाकल्या आणि वर स्टेपनी ठेवली.

घर छान होतं. पोहे आले. पाणी किती वेळ येतं, रस्ता कधी झाला, अशी बोलणी सुरू झाली. दत्तारामभाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसले होते. निखिलची आई सगळ्यांच्या वाटचं बोलत होती. मी चमचा तोंडात घातला आणि सहज टीव्हीकडे बघितलं. टीव्हीशेजारी माझं पुस्तक होतं.

नुसतं होतं असं नाही. त्याचे कोपरे दुमडले होते, बांधणी सैल झाली होती, मुखपृष्ठावर चहाचा गोल डाग होता. म्हणजे ते वाचलेलं होतं! लेखकाला दुसऱ्याच्या घरात स्वतःचं झिजलेलं पुस्तक दिसलं, की त्याला वहिनी, सूचना, पुतणी यातलं काहीही आठवत नाही. मी विचारलं, हे तुमच्याकडे कसं आलं? निखिलची आई म्हणाली, निखिलने आणलं आमच्या स्वरासाठी. स्वरा म्हणजे निखिलच्या मोठ्या भावाची मुलगी. ती तिसरीत होती आणि आजोबांच्या पायाशी बसून पेढ्याच्या खोक्यावर नजर ठेवून होती. (निखिलला ते मनालीने दिलं होतं, हे उघडच आहे. तेवढीच माळ्यावरची एक प्रत कमी झाली.)

मी पोह्यांची बशी खाली ठेवली, शर्ट सारखा केला आणि म्हणालो, "हे मीच लिहिलंय."

निखिलने डोळे मिटून घेतले. पुस्तक मनालीच्या काकाचं आहे ही गोष्ट तो इतके दिवस घरात लपवून होता, हे मला नंतर कळलं. स्वराने माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला.

मग निखिलच्या आईने हळूहळू सगळं सांगितलं. आजोबा रोज संध्याकाळी नातीला एक प्रकरण वाचून दाखवायचे. सोळा प्रकरणं घर आनंदात होतं. भीमा काय म्हणाला, भीमाने कोणाला ढुशी दिली, जेवताना दुसरा विषय नसायचा. सतराव्या प्रकरणाच्या संध्याकाळी वाचता वाचता आजोबा थांबले आणि उठून अंगणात गेले. पोरगी तेव्हापासून धड जेवत नाही. पुस्तक कोणी हलवायचं नाही असं आजोबांनी सांगून ठेवलंय. म्हणजे ते टीव्हीशेजारी कौतुकाने ठेवलेलं नव्हतं, पुराव्यासारखं ठेवलेलं होतं.

वहिनींनी माझ्या दंडाला चिमटा काढला. त्याची खूण चार दिवस होती.

"तुमीच का ते?" दत्तारामभाऊ पहिल्यांदा बोलले.

मी हो म्हणालो.

"रेडा का मारला?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. एखाद्या मुलाखतीत द्यायला म्हणून मी ते पाठच करून ठेवलं होतं. मी म्हणालो, की साहसकथेत त्यागाला फार महत्त्व असतं, त्याशिवाय कथेला उंची येत नाही, मुलांना दुःखाचीही ओळख व्हायला हवी. दत्तारामभाऊंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाले, "त्या जनावरानं तुमचं सोळा प्रकरणं वजन वाह्यलं. तुमाला उंची हवी म्हनून त्याच्या अंगावर धोंडा?"

मी खाली ठेवलेली बशी पुन्हा उचलली.

त्यांनी दादाकडे वळून, आमी इचार करून कळवतो, असं सांगितलं. आमच्या भागात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. दादाने पोह्यांची बशी अर्धवटच खाली ठेवली आणि वहिनी पदर सारखा करायला लागल्या. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. मनालीचा निरोप होता. निखिलने स्वयंपाकघराच्या दारातून तिला सगळं कळवलेलं दिसत होतं. तिने एवढंच लिहिलं होतं, 'काका, रेडा?'

लहानपणी हीच मनाली माझ्या मांडीवर बसून गोष्टी ऐकायची. मी उठलो आणि बंद दारापाशी जाऊन बसलो. दारातून स्वराला म्हणालो, की भीमा मेलाच असं काही मी लिहिलेलं नाही. आतली कडी निघाली. स्वरा बाहेर आली, तिने टीव्हीशेजारचं पुस्तक घेतलं, पान उघडलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं, "भीमाचे डोळे मिटले."

मी म्हणालो, दमल्यावर मिटतातच की डोळे. तूसुद्धा मिटतेस.

तिने बोट खालच्या ओळीवर नेलं. "ते पुन्हा कधीच उघडले नाहीत."

ही ओळ मी चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिली होती. सबंध पुस्तकात मला सगळ्यात जास्त अभिमान याच ओळीचा होता. त्या घटकेला मात्र ती लिहिणारा माणूस मला भेटता, तर मी त्याला खालापूरच्या फाट्यापर्यंत पळवला असता. मी छताकडे बघत बसलो. बायको माझ्याकडे बघत होती. वीस वर्षांच्या संसारात मी काही सुचेना म्हणून गप्प बसलोय, असं तिने प्रथमच बघितलं असावं.

इतक्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दत्तारामभाऊ येऊन आमच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी चष्मा लावला, नातीच्या हातातलं पुस्तक घेतलं, ती दोन वाक्यं पुन्हा मनात वाचली आणि मला विचारलं, "पोरं तर भायेर पळाली. मग डोळं उघडलं नाय ह्ये बघितलं कोनी?"

मी म्हणालो, कोणी नाही.

"तुमी तिथं व्हता?"

"नाही."

"मग कशावरून लिवलं?"

निळा रंग तपासल्याशिवाय मी कधी सही केली नाही, पण एका रेड्याच्या मरणावर न बघता सही केली होती. मी चूक कबूल केली. स्वराने आजोबांकडे बघितलं आणि त्यांना पुढे बोला म्हणाली. तिने मला पुढे बोला म्हटलं नाही, याची मी नोंद घेतली.

दत्तारामभाऊ सांगायला लागले. भुयारात पाणी होतं, ते नवव्या प्रकरणात आलंय. (मी विसरलो होतो.) रेडा पाण्यात बसला, की नाकपुड्या तेवढ्या वर ठेवतो आणि तासन्‌तास बसतो. धोंडा पडला तो दोन्ही काठांवर टेकला. भीमा खाली पाण्यात बसून राहिला. मग आतलं पाणी वाढलं आणि त्याला घेऊन निघालं. आता जमिनीखालून निघालेलं पाणी कुठे येणार? नदीचं नावच पाताळगंगा.

मी कितीतरी वर्षं त्या नदीच्या काठावर नोकरी करतोय. रोज दोनदा ती बघतो. पाताळातल्या राज्याची गोष्ट लिहून बसलो आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"आनि आला तो आमच्या बांधाला लागला," दत्तारामभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली गेला. "थकलेला व्हता. पन बांधावर मानूस हजर व्हता. मानसानं त्याला वर घेतला."

निखिलची आई पदराने डोळे पुसत होती. ती हळूच माझ्या बायकोला म्हणाली, की त्यांचा राजा नावाचा रेडा गेला तेव्हा हे कारखान्यात पाळीवर होते. आले तेव्हा गोठा रिकामा होता. त्याच्याबद्दल हे कधी घरात एक शब्द बोलले नाहीत. हा त्यांचा पहिला शब्द.

स्वराने विचारलं, भीमाने वर आल्यावर काय खाल्लं? आजोबा म्हणाले, पेंढा, आणि वर गूळ. तिने त्यावर विचार केला आणि एक पेढा उचलला. मग दुसरा. मग पेढ्याच्या खोक्याचं झाकण माझ्यासमोर ठेवून मला म्हणाली, "लिहा."

मी लिहिलं. दत्तारामभाऊ सांगत होते आणि मी लिहीत होतो. दोन ठिकाणी मी एखादा चांगला शब्द घालून बघितला. तो त्यांनी काढायला लावला. झाकण भरल्यावर त्यांनी ते एकदा वाचून घेतलं, दादाकडे बघितलं आणि विचारलं, "पोरीला कदी आनता?" वहिनी रडायलाच लागल्या. मनालीला मी लगेच कळवलं, 'रेडा वाचला.'

लग्न खालापूरला झालं. अठरावं प्रकरण आम्ही छापून घेतलं आणि माळ्यावरच्या सगळ्या प्रतींना मागून चिकटवलं. वहिनींनी स्वतः होऊन त्यातल्या पन्नास प्रती लग्नाला आणल्या, आलेल्या मुलांना द्यायला. जेवणं उरकायच्या आत त्या संपल्या. पोरं आणि त्यांचे आईबाप रांग लावून सांगत होते, की पुस्तक बरं आहे, पण शेवटचं प्रकरण म्हणजे कमाल आहे. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या पुस्तकावर लेखकाची सही मागायला लोक आले. दत्तारामभाऊ मांडवात खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी प्रत्येकाला सावकाश, जोडाक्षरं सांभाळत सही दिली.

पेन माझं होतं. मधे एकदा त्याची शाई संपली, तेव्हा त्यांनी मला दुसरं आणायला पिटाळलं.