चार फुल्या

सारसोळ्याच्या मासळी बाजारात गोजराचा ओटा तीस वर्षांचा. पण ओट्यांवर छप्पर आलं, नळ आला, ते रंजितामुळे. ओट्यांवरच्या पंधरा बायकांनी तिला आपली अध्यक्ष केलं त्याला बारा वर्षं झाली. दर वर्षी सभेत ती विचारायची, "मीच ना?" आणि सगळ्यांचे हात वर जायचे.

यंदा शेजारच्या ओट्यावरची सोनल, गोजराची सून, म्हणाली की चिठ्ठ्या टाकून मत घेऊया. रंजिता रागावली नाही. "चिठ्ठ्या कोनाला पायजेत, त्यांनी हात वर करा," म्हणाली. सोनलचा एकटीचा हात वर गेला. गोजराने आपला पदराखालीच ठेवला.

"आई, यालाच हुकूमशाही म्हनतात," सोनल घरी म्हणाली. गोजराला पटेना. रंजिताने कधी कुणाला दम दिला नव्हता, कुणाचा ओटा काढून घेतला नव्हता. पण आठवडाभरात एकेक करून सहा जणी गोजराच्या कानाशी लागल्या, की चिठ्ठ्या हव्या होत्या. मग हात का नाही उचलला? त्यांना सांगता येईना. गोजराला तरी कुठे येत होतं?

ती रंजिताकडे गेली, चिठ्ठ्या बऱ्याच जणींना हव्या होत्या म्हणाली.

"मावशी, मी कोनाचा हात धरून ठेवला का?"

"नाय. तरी पन कोनाचा उठला नाय."

रंजिता दोन दिवस घुश्शात होती. तिसऱ्या दिवशी स्वतःच चिठ्ठ्या घेऊन आली. रंजिता अध्यक्ष हवी तर बरोबरची खूण, नको तर फुली. गोजराने मनापासून बरोबरची खूण केली.

अकरा खुणा निघाल्या, चार फुल्या. रंजिता जिंकली, पण त्या चार चिठ्ठ्या तिच्या हातातून सुटेनात. कोण या चौघी, माझं काय चुकलं ते तरी सांगा, असं तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. तरी सगळ्या जणी गपगार झाल्या. सोनल काही बोलणार, तेवढ्यात गोजराच बोलून गेली, "त्यातली एक मी."

रंजिता तिच्याकडे बघत राहिली. मग बाकीच्या तिघींची नावं न विचारता तिने चिठ्ठ्या फाडल्या. दुसऱ्या दिवशी गोजराच्या ओट्यावर रंजिताकडून बर्फ नेहमीसारखा आला, दोघींचं बोलणंही नेहमीसारखं झालं. ही माफी होती, की माफ करण्यासारखं काही नव्हतंच, ते गोजराला कळेना.

"आई, खरंच फुली मारलीस?" सोनलने विचारलं.

"नाय."

"मंग तसं का बोललीस?"

"मना ठाव नाय," गोजरा म्हणाली आणि कोलंबी सोलायला बसली.