उरलेली अर्धी गोळी

आमच्या घरात अख्खी गोळी कधी कुणाला मिळाली नाही. ताप आला की आई दुकानातून एक गोळी आणायची, वरवंट्यानं ठोकून तिचे दोन तुकडे करायची. एक मला, एक भावाला. ताप एकालाच असला तर दुसरा तुकडा पदराच्या गाठीत जायचा, पुढच्या दुखण्यासाठी. तिच्या स्वतःसाठी गोळी नसायचीच. हळद काढून काढून कंबर धरली की ती भिंतीला पाठ लावायची आणि म्हणायची, "बसलं की बरं वाटतं."

बाप लवकर गेला. आईनं लोकांची हळद काढली, शिजवली, वाळवली. उन्हाळा येईस्तोवर तिचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे. त्या हातांवर मी बी.ए. झाले, डी.एड. झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना माझा आवाज चढतो असं लोक म्हणतात. चढू द्या.

नोकरी लागल्यावर आईला घेऊन आखाडा बाळापूरला भाड्यानं राहिले. भाऊ पुण्याकडं कंपनीत, घरात आम्ही दोघीच. सगळं मार्गी लागलं आणि माझे हात आखडले. सकाळी मूठ मिटेना, वेणी आईला घालून द्यावी लागे. शाळेत खडू बोटांतून निसटायचा. दुसरीतली एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, तुमचं अक्षर घाण येऊन राहिलं." वर्ग हसला, मीही हसले. पण शिकवता आलं नाही तर माझ्याजवळ दुसरं काय आहे, हा विचार त्या दिवसापासून डोक्यात बसला.

नांदेडच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला. एक औषध सावकाश लागू पडणारं होतं, ते लागू पडेपर्यंत स्टेरॉइडची गोळी. ते म्हणाले, "ही कायमची नाही. हळूहळू कमी करायची. मनानं वाढवायची नाही, मनानं बंदही करायची नाही."

गोळीनं जादू केली. आठवडा व्हायच्या आत मूठ मिटली. पण सोबत भूक आणली. जेवून उठले तरी पोट रिकामंच. लहानपणी आई शेवटची भाकर आम्हाला वाढून तांब्याभर पाणी प्यायची आणि उठायची. चौथी भाकर मोडताना मला ते आठवायचं, घास कडू व्हायचा, तरी हात थांबायचा नाही. तोंड गोल झालं, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली. ब्लाउजच्या शिवणी आईनं उसवून ढिल्या केल्या, त्याही पुरेनात.

आईला मात्र आनंद. आमच्या घरात जाड असं कुणी झालंच नव्हतं. पौर्णिमेला विहारात गेलो की बाया मला हात लावून बघायच्या.

"बाई, मास्तरीन लई सुधारली!"

"पगार अंगाला लागला म्हणा की."

"आईचं कर्म फळलं, दुसरं काय!"

आई पदर सारखा करत म्हणायची, "खाऊन-पिऊन सुखी हाय लेकरू." ही सूज आहे, गोळीनं आलेली आहे, हे मला सांगता आलं असतं. तिचा चेहरा बघून सांगितलं नाही.

मग डॉक्टरांनी गोळी कमी करायला लावली. मी ओट्यावर ब्लेडनं गोळी अर्धी केली, एक तुकडा गिळला, दुसरा डबीत ठेवला. आई चूल सोडून बघत होती.

"अर्धी काहून?"

"डॉक्टरनं सांगितलंय."

"दुखतंय तर अख्खी खाय की. अर्ध्यानं काय व्हतंय?"

"आई, तुला त्यातलं न्हाई कळायचं. तू चहा ठेव."

एवढंच बोलले. रोज वर्गात पोरांना एकच गोष्ट पाच वेळा समजावून सांगणारी मी.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. सकाळी अंथरुणातून उठताना डोळ्यांत पाणी यायचं. आई तेल कोमट करून एकेक बोट चोळायची. आणि मग एकदम बरं वाटायला लागलं. शाळेत मी ऐटीत सांगितलं की मनाचा निर्धार पाहिजे, गोळीचं काय एवढं! सकाळचा गुळाचा चहा तेवढा कडवट लागायचा. आईला म्हटलं, तर ती म्हणाली, "गूळ काळा हाय यंदा." तिची नखं पिवळी दिसायची. मी समजले, भाजीची हळद.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी वजन बघितलं. वाढलेलंच. तोंडही तसंच गोल. "गोळी कमी केली ना नक्की?" त्यांनी विचारलं. मला राग आला. "सर, मी शिकलेली बाई आहे," मी म्हणाले.

येताना वारंगा फाट्यावर उतरले. पुढच्या गाडीला वेळ होता, म्हणून तिथल्या मेडिकलमध्ये रिकामी पट्टी दाखवून गोळ्या मागितल्या. दुकानदार पट्टीकडं बघून म्हणाला, "ह्याच गोळ्या एक म्हातारी नेते. अशीच रिकामी पट्टी आणते. लेक मास्तरीन हाय, लेकीसाठी पाहिजे म्हणते. दुकानात जो असंल त्याला सांगते."

सकाळचा कडवट चहा आठवला. घरी आले ते ओरडतच. "चहात गोळी टाकून राहिलीस तू? मला मारायचं हाय का?"

आई ओट्याला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "मला वाटलं तू पुरवून खाऊन राहिलीस."

"पुरवून?"

"भावाच्या लग्नाचं म्हणत व्हतीस, घरावर स्लॅब टाकू म्हणत व्हतीस. अर्धी गोळी म्हंजे आपल्या घरात काय असतं, सांग बरं. म्हटलं, पोरगी आमच्यासाठी दुखणं काढून राहिली."

"अन् गोळ्या आणल्या कशातून?"

तिनं हात पदराखाली घेतले. मी ओढून बघितले, नखं पिवळीच. मी शाळेत गेले की ती वारंगा फाट्याकडं हळद निवडायला जात होती. मी तिला त्या कामातून सोडवलं, असं मी सगळ्या जगाला सांगत होते.

मग मी तिच्याजवळ बसले आणि पहिल्यांदा समजावून सांगितलं. बाहेरून गोळी मिळत गेली की अंग स्वतःचं औषध बनवायचं सोडून देतं. गोळी एकदम तोडली तर अंग कोसळतं, म्हणून थोडी थोडी कमी करायची, तोवर अंगाला पुन्हा सवय लागते. आणि हे गोल तोंड तब्येतीचं नाही, गोळीचं आहे.

"म्हंजे लेकराचं अंगावरचं दूध तोडावं तसं," ती म्हणाली. "एकदम तोडलं की लेकरू हाय खातं." मग म्हणाली, "येवढं तर मला कळलं असतं की गं."

मी उठून गोळ्यांची डबी तिच्या हातात दिली.

डॉक्टरांना फोन करून सगळं खरं सांगितलं. तेही शरमेनंच, 'शिकलेली बाई' मीच म्हणाले होते. त्यांनी कमी करण्याचा हिशोब नव्यानं घालून दिला, पहिल्यापेक्षा सावकाश. गोळी मोडायचं काम आईकडं दिलं. ब्लेड तिला नको होतं, ती वरवंट्यानंच मोडायची, बराबर मधोमध. दुखायचं तेव्हा मी चिडायचे, तिच्यावरच चिडायचे. ती बोटं चोळत म्हणायची, "रड. तुझा भाऊ तर दूध तोडताना मला चावला व्हता." तिच्या नखांचा पिवळा रंग हळूहळू गेला, माझी नजर मात्र तिथंच जायची. विहारात बाया म्हणायला लागल्या, "मास्तरीन वाळली गं, सुनं-सुनं तोंड झालं." आई त्यांना सांगायची, "वाळली न्हाई, सूज उतरून राहिली," आणि सगळं समजावून सांगायची, माझ्यापेक्षा बरं.

पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी शेवटची पाव गोळीही बंद केली. वजन सगळं उतरलेलं नाही आणि थंडीत बोटं दुखतात. सावकाश लागणारं औषध चालू आहे. पण स्टेरॉइड मी आता घेत नाही. आई कुणाच्या हळदीला जात नाही. सकाळी माझी वेणी मी घालते आणि शाळेत फळ्यावर तारीख मी माझ्या हातानं लिहिते.