ईराची निवड झाली

मंडळी, आज नातीला, ईराला, रियाधमधल्या महिला रोलर डर्बी संघाच्या निवडीला नेलं. चाकांचे बूट घालून, एकमेकींना धक्के देत पळायचा हा खेळ. आत पुरुषांना मज्जाव. मी बाहेर शाळेतल्या कविता गुणगुणत बसलो.

गुडघा खरचटलेली ईरा हसत आली. "आबा, आय गॉट सिलेक्टेड!"

"शाब्बास!" आनंदाच्या भरात मी विचारून गेलो, "सराव कधीपासून?"

"नेक्स्ट मंथ. मी नाही म्हणून सांगितलं."

तिच्या बाबाची नोकरी गेली, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपतोय. पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे कायमचे परत निघतोय.

"मग एवढ्या हट्टाने आलीस कशाला, बाळा?"

"जमतं का, बघायचं होतं."

टॅक्सीत ती गुडघ्यावर फुंकर घालत राहिली. अभिनंदन करू की समजूत काढू, कळेना. तुम्ही काय केलं असतं?