मरियमबीबीची मूठ

मरियेकडं मागायचं की नाही, यावरून आमच्या घरात कायम धुसफूस. आम्ही नगरकडचे प्रोटेस्टंट. आमच्यात मूर्ती नाही, प्रार्थना फक्त प्रभू येशूच्या नावानं. सून रीटा वसईची, कॅथलिक. लेकाच्या नोकरीपायी राजधानीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात आम्ही तिघं, आणि फ्रिजवर तिची मरियामाता. मी म्हणायची, "येशूची आई झाली म्हणून देव होते का गं?" ती म्हणायची, "देव कोण म्हणतंय, आई? तुमच्या लेकाकडून काम करून घ्यायचं असलं तर मी तुम्हालाच सांगते ना?" लेक हसायचा. मला काही पटायचं नाही.

रीटाला कळा लागल्या तेव्हा लेक ऑफिसच्या कामाला बाहेरगावी. मीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नर्सनं तिच्या बांगड्या, साखळी, जपमाळ सगळं काढून माझ्या हातात दिलं. आत जाता जाता रीटा म्हणाली, "आई, माझ्यासाठी माळ म्हणा." आणि दार लागलं. दुपारी डॉक्टरीण बाहेर आली. म्हणाली, बाळाचे ठोके कमी होताहेत, थोडी वाट बघू, नाहीतर ऑपरेशन. दोघांचंही सांगता येत नाही. मी बाकावर बसले. माळ म्हणजे मण्यामण्याला मरियेची प्रार्थना; ती म्हणायची कशी ते मला येत नव्हतं. येत असतं तरी म्हटली असती का, देव जाणे. माझं पहिलं बाळ शेताच्या बांधावरच झालं नि गेलं. जवळ कोणी नव्हतं. तेव्हापासून मला रडू येत नाही, नुसते हातपाय गार पडतात.

शेजारी बुरख्यातली एक बाई बसलेली, पानिपतहून लेकीला घेऊन आलेली. तिची लेकही आतच. मांडीवर पाण्याचा वाडगा, आणि पाण्यात एक वाळकं झुडूप, मुठीसारखं मिटलेलं. मला राहवलं नाही. विचारलं, "ये क्या है?"

"मरियम बूटी है, अम्मा. बीबी मरियम की मुट्ठी. जैसे जैसे खुलेगी, बच्चे का रस्ता खुलेगा."

"कौन बीबी मरियम?"

"लो! ईसा की वालिदा. आप नहीं जानतीं?"

म्हणजे येशूची आई! म्हटलं, "अरे, हम तो ईसाई हैं!"

"तो फिर आप सुनाओ ना, हम क्या सुनाएँ!" असं म्हणून ती चक्क हसली.

मी आठवायला लागले. जन्मभर देवळात नाताळ ऐकला. गोठा माहीत, गव्हाण माहीत, मेंढपाळ माहीत. पण त्या पोरीच्या, मरियेच्या, कळा? धरायला कोण होतं? हे मी कधी विचारलंच नव्हतं. ती बाई म्हणाली, त्यांच्या किताबात आहे, मरियम एकटीच होती, खजुराच्या झाडाला टेकून विव्हळत होती, मेले असते तर बरं म्हणत होती. तेवढ्यात आवाज आला, दुःख करू नकोस. मग तिनं वाडगा माझ्या मांडीवर ठेवला. "पकड़ो अम्मा, मैं नमाज़ पढ़ के आई."

मी बघत बसले. काड्या हळूहळू पसरत होत्या. माळेच्या एकेका मण्यावर मी मला येते ती प्रभूची प्रार्थना म्हणत होते. मधेच तोंडून निघून गेलं, "बाई, तू एकटीनं कसं गं निभावलंस?" मागितलं काही नाही. नुसतं विचारलं. पण हातपाय गार पडायचे थांबले.

ऑपरेशन लागलं नाही. मुलगी झाली, रीटाही नीट. त्या बाईच्या लेकीचंही सुखरूप झालं. झुडपानं झालं असं मी म्हणत नाही. वाळक्या काड्या पाण्यात पसरतातच.

रीटा म्हणते, "आई, तुम्ही विचारलंत ना, तीच प्रार्थना." लेक म्हणतो, बिल्कुल नाही, विचारणं वेगळं. त्यांचं चालू दे. मला अजून कळलेलं नाही, आणि कळायला पाहिजेच असंही नाही. त्या दिवशी माझ्या हातून काहीच होण्यासारखं नव्हतं. बंद दाराआड कोणाला ठेवायचं नि कोणाला न्यायचं, ते प्रभूकडं होतं. त्यानं दोघींना माझ्याकडं परत पाठवलं. नात आत्ता दूध पिऊन झोपलीय. मी त्याचे उपकार मानते, आणि आणखी काही मागत नाही.