सव्वीस, अठ्ठावीस की तीस

पाटण तालुक्यातील समस्त रानडुकरांना या जाहीर निवेदनाद्वारे कळवण्यात येते की, डोंगरालगतच्या एका भुईमुगाच्या शेतासाठी बंदूक घेण्याचे नक्की झाले असून, तिची नळी सव्वीस इंची असावी की तीस, एवढाच किरकोळ मुद्दा शिल्लक आहे. तो निकालात निघेपर्यंत डुकरांनी आपला दिनक्रम चालू ठेवावा.

हा किरकोळ मुद्दा निकालात निघायला वर्षाहून जास्त काळ गेला. मी त्याचा साक्षीदार आहे, कारण साताऱ्यातल्या ज्या बंदुकीच्या दुकानात तो चघळला गेला, तिथे मी विक्रीला असतो.

ते गृहस्थ आत आले की आधी डावा डोळा मिटायचे. नमस्कार नंतर. हातात काही नसताना समोरच्या कॅलेंडरवर नेम धरायचे आणि म्हणायचे, "समदं पटतंय, पर..." आम्ही अजून तोंडही उघडलेलं नसायचं.

नाव सांगत नाही. दुकानात आम्ही त्यांना 'पर' म्हणूनच ओळखायचो. तुमच्याही ओळखीत एखादा 'पर' असेल. चप्पल घ्यायला जातो, पाच जोड घालून बघतो आणि जुनीच पायात सरकवून घरी येतो. फक्त चपलेला मुदत नसते. बंदुकीच्या परवान्याला असते. परवाना हाती आला की ठरलेल्या मुदतीत हत्यार घेऊन नोंद करायची. नाही केली तर परवाना गेला, आणि पोलीस पाटलापासून सगळी उस्तवार पुन्हा पहिल्यापासून. यांनी कित्येक वर्षं खेटे घालून परवाना मिळवला होता. तिकडे डुकरं दर हंगामात भुईमूग उकरत होती. इकडे हे नळी निवडत होते.

पहिल्या दिवशी त्यांनी मोबाइल पुढे केला. कुणी परदेशी शिकारी एका वेळी एकच गोळी मारणारं, लांब नळीचं पिस्तूल दोन्ही हातांत धरून डुकराची वाट बघत होता.

"ह्ये द्या. माळ्यावर आटोपशीर बसंल."

माळा म्हणजे शेतात चार खांबांवर बांधलेली राखणीची जागा.

आमचे मालक, म्हणजे चाचा, शांत माणूस. ते म्हणाले, "पाव्हणं, पिकाच्या राखणीला पिस्तूल मिळत न्हाई. एकनळी बंदूक घ्यायची, खांद्याला लावायची. तिकडचा कायदा येगळा आन् डुक्कर बी येगळं."

"डुक्कर कसं काय येगळं?"

यावर त्या दिवशीचा व्यवहार संपला.

मग नळी सुरू झाली. चाचांनी समजावलं: आखूड नळी माळ्यावर वळवायला सोपी, पण आवाज कानठळ्या बसवणारा आणि हिसकाही जास्त जाणवणारा. लांब नळी नेमाला स्थिर, पण माळ्याच्या खांबाला अडकणार. "मधली अठ्ठावीस घ्या."

"समदं पटतंय, पर मधलं म्हंजी दोन्हीकडचं अर्धंअर्धंच की."

पुढच्या खेपेला ते ठिबकच्या पाइपाचे तीन तुकडे घेऊन आले. सव्वीस, अठ्ठावीस, तीस. गावात एकेक खांद्याला लावून दिवसभर माळ्यावर चढ-उतार करून पाहिलं होतं. येताना एसटीत कंडक्टरनं विचारलं, "हे काय हो?" यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "बंदुका हायत्या." शेजारचा प्रवासी उठून पुढे जाऊन बसला, आणि हे तिन्ही पाइपांसह ऐसपैस साताऱ्यापर्यंत आले.

नळी थोडी मागे पडली की काडतूस पुढे यायचं. बारा बोअर की सोळा? काडतूस बसतं ती जागा अडीच इंची असावी की पावणेतीन? चाचा सांगायचे, "पावणेतीनची घ्या, त्यात दोन्ही काडतुसं चालत्यात. अडीचच्या जागेत लांब काडतूस घालू नका, नळी फुटंल." हे मान डोलवायचे आणि खात्री करायला सांगलीच्या दुकानात जायचे. तिथला दुकानदारही नेमकं तेच सांगायचा. मग यांना संशय यायचा. "दोघं येकच बोलताय म्हंजी तुमी आदी फोन केला आसणार."

मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "काका, डुकरांनाच विचारून या."

ते रागावले नाहीत. "तुमाला हसाया येतंय गड्या. माळ्यावर बसल्यावर कळतंय."

आता ते नाहीत. गेल्या थंडीत घरीच, झोपेत गेले. त्यांची बंदूक वारसांनी आमच्याकडे जमा केली आहे. माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात ती उभी असते. दर हंगामाआधी ते ती साफ करून घ्यायला आणायचे. नळी आतून आरशासारखी.

"किती बार काढले?" चाचा विचारायचे.

"येक बी न्हाई. माझ्या खोकल्यानंच पळत्यात. न्हाई पळाली, तर बायकू संगं घोरती, त्यानं पळत्यात."

ही बंदूक घेतली तो दिवस मात्र मी विसरणार नाही. मुदत संपायला आली होती आणि त्या दिवशी ते पहिल्यांदाच बायकोला घेऊन आले होते. ठेंगण्या, काटक बाई. पिशवी पायाशी ठेवून स्टुलावर बसल्या. चाचांनी तीन बंदुका मांडल्या. हे एक उचलत, दुसरी ठेवत, तिसरीकडे बघत. चहा येऊन गार झाला.

बाई उठल्या. सव्वीस इंची उचलली, दस्ता खांद्याला टेकवला, जरा वळवून पाहिली.

"चाचा, हीच बांधा."

"आगं, तुला काय कळतंय? माळ्यावर कशी फिरंल ती?"

"माळ्यावर रोज मीच आसती की. तुमी दिवसा पाइप घिऊन चढताय. दिवस मावळला की तुमाला अंगणातनं हाका मारल्या तरी भाईर येत न्हाई."

मी हिशेबाच्या कागदात डोकं घातलं. चाचांनी उगाच काउंटर पुसला. मग म्हणाले, "वैनी, वाईट वाटून घिऊ नका. परवाना ह्यांच्या नावावर हाय. राखणीला बंदूक ह्यांच्याच हातात पायजे. तुमच्या हातात कुणी बघितली, तर परवाना जाईल."

बाईंनी क्षणभर विचार केला. मग बंदूक अलगद नवऱ्याच्या दोन्ही हातांत ठेवली, त्याची बोटं तिच्याभोवती नीट बसवली आणि पिशवी उचलली.

"मग झालं तर. आजपास्नं मी घरात झोपती."

गृहस्थ बंदूक कवटाळून उभे. चाचांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उघड्या दारातून मावळतीला आलेल्या उन्हाकडे पाहिलं. आणि सगळ्या दुकानासमोर त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"म्हंजी... राच्चं मी येकट्यानं जायाचं व्हय?"