‘तत्पूर्वी’ शिकवणाऱ्या कुंदाताई

“अकरा वाजता निघू, उशीर करू नका,” हा निरोप मला आधी दिसला. कुठे निघायचं, कशासाठी, काहीच कळेना. बोटाने फोन वर सरकवला तेव्हा त्याच्या आधीचा निरोप सापडला : “आत्या पहाटे गेली.” कुंदाताईंच्या भाच्याने दोन्ही एकामागोमाग पाठवले होते, आणि मी शेवटचा आधी वाचला होता. पेणच्या त्यांच्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की, मुलांची नेमकी हीच चूक सुधारण्यात ह्या बाईने उमेदीची वर्षं घालवली... जे आधी लिहिलंय ते आधी घडलंच असेल असं नाही, हे शिकवण्यात.

त्या गोष्टीला आता दीड महिना झाला. किडन्या गेल्या होत्या, शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मरण कळायला अवघड नव्हतं. मला जे लिहायचंय ते त्यांच्या मरणाबद्दल नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा निडीच्या अलीकडच्या आमच्या शाळेत कुंदाताई सहावी-सातवीला मराठी शिकवत. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. दोघीही पेणच्या, त्यामुळे रोह्याच्या एसटीने बरोबरच जायचो-यायचो. शाळेत गावातली शेतकऱ्यांची मुलं होती, तशी पलीकडच्या कातकरी वाडीवरचीही. वाडीवरची मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची ती पावसाच्या तोंडाला परत यायची, आणि मधलं सगळं विसरलेलं असायचं. ह्या मुलांना गोष्ट वाचता यायची, पण माहितीचा उतारा दिला की अडायची. वर लिहिलेलं आधीचं, खाली लिहिलेलं नंतरचं, एवढा सरळ हिशोब. कुंदाताई मग जुन्या वर्तमानपत्रातल्या बातम्या आणत, कात्रीने एकेका वाक्याची पट्टी कापत, पुठ्ठ्यावर चिकटवत आणि जमिनीवर पसरून म्हणत, “लावा बघू. आधी काय घडलं?” बातमीत शेवट पहिल्यांदा सांगतात, हे मुलांना पटायचंच नाही. “बाय, ह्यो पेपरवाला उलटा चालतो,” असं एक मुलगा म्हणाला होता आणि वर्ग हसून लोळला होता. मग त्या ‘अखेर’, ‘दरम्यान’, ‘त्यानंतर’ असे शब्द हेरायला शिकवत. त्यांचा लाडका शब्द ‘तत्पूर्वी’. “हा शब्द दिसला की थांबायचं. लिहिणारा आता तुम्हाला मागे नेतोय.”

सोनी वाघमारे ही वाडीवरची मुलगी सगळ्यांत चटपटीत. पट्ट्या लावण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. ती सातवीत असताना तिची आई बाळंतपणात गेली. दोन आठवडे सोनी आली नाही. आली ती हातात वर्तमानपत्राचं घडी घातलेलं पान घेऊन. “बाय, ह्या बातमीच्या पट्ट्या करा.” कुंदाताईंनी बातमी वाचली आणि कात्री खाली ठेवली. ती सोनीच्या आईची बातमी होती. “ही नको गं,” त्या म्हणाल्या. सोनी हटेना. शेवटी त्यांनी पट्ट्या कापल्या. मी शेजारच्या वर्गातून खडू मागायला आले होते, दारातच थबकले.

सोनीने चार पट्ट्या लावल्या. नातेवाइकांनी महिलेला आणायला उशीर केला. तिला संध्याकाळी आरोग्य केंद्रात आणलं. केंद्रात उपचार सुरू झाले. महिला दगावली. पाचवी पट्टी तिच्या हातातच राहिली : ‘तत्पूर्वी सकाळीच केंद्राने वाडीवर गाडी पाठवली होती.’

“ही लागत नाय, बाय.”

“सगळ्यात आधी लागते ती. तत्पूर्वी आहे ना?”

“तत्पूर्वी हाय, पन गाडी आलीच नाय. आयला आमी झोळीत घालून नेली, सकाळच्याला. गाडी थितंच उभी व्हती.” तिने ती पट्टी उपडी घातली. मग संध्याकाळची पट्टीही उपडी घातली.

कुंदाताईंनी त्या दोन उपड्या पट्ट्या उचलून पुन्हा वाचल्या. आणि मी दारातून तशीच मागे फिरले... कारण सोनी खरं सांगत होती, हे त्या शाळेत फक्त मला माहीत होतं. सोनीची आई गेली त्या दिवशी कुंदाताई रजेवर होत्या, मी एकटीच एसटीतून उतरले होते. दहा वाजता आरोग्य केंद्रावरून चालत गेले तेव्हा सोनीचा बाप आणि तिचा काका झोळी व्हरांड्यात उतरवत होते. केंद्राची जीप आंब्याखाली उभी होती. पाच वाजता परत निघाले तेव्हा ती बाई व्हरांड्यातच होती, कण्हत होती, आणि जीपही तिथेच. सोनीच्या बापाने माझ्याकडे पाहिलं होतं. मी एसटी चुकेल म्हणून पाय उचलला होता.

कुंदाताईंनी अर्ज लिहिला. घटना क्रमाने, वेळांसकट. सोनीला आणि तिच्या बापाला घेऊन त्या चार वेळा रोह्याला तालुक्याच्या आरोग्य कचेरीत गेल्या, प्रत्येक वेळी आपली रजा टाकून. तिथल्या साहेबांनी विचारलं, नातेवाईक सोडून कोणी पाहिलंय का? कुंदाताईंनी मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत तोच प्रश्न केला. “त्या दिवशी केंद्रावर कोणाचं काही लक्ष गेलं होतं का?” मुख्याध्यापक म्हणाले, “कुंदाताई, आपण सगळे सरकारी नोकर. कशाला?” मी डबा उघडला आणि जेवायला लागले. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

चार महिन्यांनी उत्तर आलं. चौकशीत तक्रारीत तथ्य आढळलं नाही. पुढे घटनाक्रम होता, बातमीत होता तोच, एकदोन शब्दांच्या फरकाने. कुंदाताई स्वतः तो वाचून दाखवायला वाडीवर गेल्या, मीही बरोबर गेले. बाप खाली बघत बसला होता. सोनीने कागद हातात घेतला, बोट फिरवत सगळा वाचला आणि म्हणाली, “म्हंजे कागदावर आधी लिवला का त्यो आधी झाला.” कुंदाताई म्हणाल्या, “नाही गं, तसं नाही...”

दिवाळीनंतर सोनी भट्टीवर गेली, ती शाळेत परतली नाही. त्यानंतर कुंदाताईंनी पट्ट्या कापल्या नाहीत. पुस्तकातला धडा वाचायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्यायची. निकाल चांगले लागायचे, तपासणीला येणारे साहेब खूश असायचे. एकदा मी म्हटलं, “ताई, पट्ट्यांचं पुन्हा सुरू करा ना.” त्या म्हणाल्या, “शिकून त्यांनी कुठे लावायच्या गं त्या?” पुढे त्यांची बदली झाली, मग निवृत्ती, मग आजारपण. मी जात राहिले. त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी सोनीला शोधत गेले. ती निडीच्या पुढे कोणाच्या तरी शेतात मजुरीवर वाल उपटत होती. चाळिशीतच म्हातारी दिसत होती. मी ओळख सांगितली, कुंदाताई गेल्याचं सांगितलं. ती हातातली जुडी खाली न ठेवता म्हणाली, “बाय गेली? बरी व्हती गो ती. लई धावली आमच्यासाटी. उगाच धावली.”

मग मी सांगितलं. इतक्या वर्षांत कोणालाच न सांगितलेलं. मी पाहिलं होतं, दोन्ही वेळा.

“म्हायती हाय,” सोनी म्हणाली. “बाबानं वळखला व्हता तुमाला. त्यानं बायला सांगितला, ती नवी बाय बघून गेली. बाय बोलली, तिचा नाव काडू नको, तिची नोकरी कायम व्हायचीय.”

“कधी?... हे कधी सांगितलं त्यांनी?”

“पयल्याच खेपंला. रोह्याला जाताना.”

ती पुन्हा वाकली आणि वाल उपटू लागली.

कुंदाताई पेणच्या स्थानकात नेहमी माझ्याआधी पोचायच्या. एसटी लागली की आत चढून शेजारच्या सीटवर आपला रुमाल टाकायच्या, माझी जागा धरायला. तक्रारीचं उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही टाकला होता. त्यांची बदली होईपर्यंत, सहा वर्षं, रोज. मी तो उचलून, घडी घालून त्यांना परत द्यायचे आणि बसायचे. शिक्षकांच्या खोलीत तो प्रश्न केला तेव्हाही त्यांना माहीत होतं. मला एकटीला गाठून त्यांनी कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते, हेही त्यांना माहीत असावं.